टाके सुकले, पण बोलण्याचं काय?

मा. संपादक साहेब, नमस्कार,

तोंडातल्या टाळूला फट असलेल्या लेकरांची ऑपरेशनं आता फुकट होतात, पेपरात फोटोसकट बातम्या येतात, चांगलंच आहे, पण टाके सुकल्यावर ते लेकरू बोलतंय कसं हे कोण तपासतं?

माझ्या बहिणीच्या पोराची टाळू दीड वर्षाचा असताना शिवली. पुढं दाखवायला नेलं की डॉक्टर टॉर्च मारून बघायचे, मस्त भरलंय म्हणायचे, झालं. आता तो पहिलीत आहे. "काका" म्हणायला गेला की "आआ" असं काहीतरी घशातून येतं, वारा सगळा नाकातून, पोरं गेंगाण्या म्हणून चिडवतात आणि दिवाळीपासून त्यानं हजेरी द्यायचंच सोडलंय, बाईंनी नाव घेतलं की नुसता हात वर करतो. कुणीतरी सांगितलं म्हणून दोन वर्षं फुगे फुगवले, शिट्ट्या वाजवल्या, काडीचा फरक नाही.

शेवटी परभणीहून देवगिरीनं रात्रभर प्रवास करून मुंबई गाठली. तिथल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी नाकाखाली छोटा आरसा धरला आणि म्हणायला लावलं, "बाबा, पपई कापा." ह्यात म नाही न नाही, म्हणजे नाकातून हवा यायलाच नको, तरी आरशावर वाफ! "मामा" म्हटल्यावर वाफ आपल्या सगळ्यांचीच येते. बहीण आरशाकडं बघतच राहिली. टाळू शिवली गेली पण बोलताना मागं घशाला टेकत नाही, नाकातून दुर्बीण घालून बघावं लागेल, कदाचित दुसरं ऑपरेशनही लागेल, असं बाई म्हणाल्या. फुगे फुगवून बोलणं सुधारत नसतं हेही तिथंच कळलं. "क" घशातून काढायची सवय मात्र थेरपीनंच मोडावी लागते, आणि ती जितकी जुनी तितकी चिवट. कानाच्या पडद्यामागं पाणीही निघालं, अशा लेकरांना ते नेहमीच होतं म्हणे, मग आधी का नाही कुणी बघितलं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, त्याचं लेकरं तपासणारं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायला पाहिजे, फाटलेली टाळू त्यांच्या यादीत आहे, जिल्ह्याच्या डीईआयसी म्हणजे अशा लेकरांवर लवकर उपचार करायच्या केंद्रात स्पीच थेरपिस्ट असावा असंही त्यात लिहिलेलं आहे. तर साहेब, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत त्या खुर्चीवर खरंच कोण बसतंय, एवढं तुमच्या वार्ताहरांना जाऊन बघायला सांगा आणि छापा.

– एक मावशी, जि. परभणी