‘बाळाचे वडील कुठायत?’ असं विचारणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

पेढे द्यायला गेल्या महिन्यात साताऱ्याला आलो होतो. तुमची बदली झाल्याचं समजलं, कुठं ते मात्र समजलं नाही. म्हणून हे उघड पत्र. कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल.

मी कोरेगाव तालुक्यातला आल्याचा शेतकरी. आठव्या महिन्यात बायकोचा रक्तदाब वाढून झटके आले, तातडीनं सिझर झालं. ती अतिदक्षता विभागात आणि १,४५० ग्रॅमची लेक तुमच्या कक्षात. तीन दिवस मी जिन्यात बसून होतो. जो येई तो एकच विचारी, ‘सोबत बाईमाणूस कोण आहे?’ चौथ्या दिवशी तुम्ही दार उघडून विचारलंत, ‘बाळाचे वडील कुठायत?’ मला वाटलं, औषधाची चिठ्ठी देताय.

‘घड्याळ, अंगठी काढा. कोपरापर्यंत हात धुवा. शर्टाची बटणं सोडा.’ मग तुम्हाला तंबाखूचा वास आला. तुम्ही रागावला नाहीत. ‘हा वास तिच्या नाकात जाणार,’ एवढंच म्हणून मला आंघोळीला पाठवलंत. त्या दिवशी पुडी टाकली. पुरती सुटायला चार महिने गेले, पण सुटली.

टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्यावरच्या लेकीला तुम्ही माझ्या उघड्या छातीवर उभं ठेवलंत. पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका कुशीला, श्वास मोकळा राहावा म्हणून हनुवटी जराशी वर. वरून बायकोची सुती ओढणी आवळून बांधलीत. तिचं काळीज माझ्या फासळ्यांवर फडफडत होतं. अंग आधी ३६ अंश होतं, तासाभरानं ३६.८. थर्मामीटर माझ्यासमोर धरून तुम्ही म्हणालात, ‘बघा, तुमची ऊब लागली तिला.’

सिस्टर, तोवर माझ्या अंगाचा लेकराला काही उपयोग आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पैसे आणायचे, गाडी करायची, सही करायची, इथं बापाचं काम संपतं असंच मी धरून चाललो होतो.

हे तर आईचं काम, असं मी पुटपुटलो तेव्हा तुम्ही बोगोटाची गोष्ट सांगितलीत. कोलंबियातल्या त्या शहरात १९७८ च्या सुमारास काचपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा ही कांगारू मदर केअर सुरू झाली. ‘नावात मदर आहे, पण छाती बापाचीही चालते. दिवसाचे ८ ते २४ तास बाळ असं ठेवा म्हणतात, बाळंतीण एकटी कुठं पुरणार?’ कक्षातल्या भिंतीवरच्या चित्रात मात्र फक्त आईच होती. तिथं एक बापही काढायला हवा, हे मी आजही मनापासून म्हणतो.

घरी आल्यावर मी लेकीला छातीशी बांधून ओट्यावर बसलो, तर आई म्हणाली, ‘आरं, बाप्याचं काम हाय का ह्ये?’ बायको दोन महिने अशक्त होती. लंगोट धुणं, वाटी-चमच्यानं दूध पाजणं, रात्रीचं जागणं मी केलं. आता आईच शेजारणीला सांगते, ‘त्याच्याकडंच झोपती ती.’

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. माझी धाकटी बहीण तिसरी मुलगी, म्हणून घरात तिचं नाव नकुसा. २०११ मध्ये आपल्या जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं बदलली, त्यात तिचंही बदललं. आत्या म्हणून लेकीच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. नाव सांगितलं आणि तिला रडू आवरेना. लहानपणी तिला हाक मारताना मलाही कधी काही वाटलं नव्हतं, ते त्या दिवशी वाटलं.

लेक आता ८ किलो २०० ग्रॅमची आहे.

परवा रात्री अकराला भावकीतल्या पोराचा फोन आला. त्याचंही बाळ कमी दिवसांचं. ‘दादा, मी बाहेरच बसलोय, काय करू?’ मी म्हटलं, आत जाऊन सिस्टरना सांग, मी बाळाचा बाप. आणि घड्याळ आधी काढ.

आपला कृतज्ञ,
छातीवर वाढलेल्या लेकीचा बाप