वरच्या मजल्यावरच्या ताईंना

ताई,

गणपतीला तुम्ही पुण्याहून चार दिवस सांगलीला घरी आला होतात आणि त्यातली एक अख्खी दुपार माझ्या लॅपटॉपपुढे घालवलीत. त्या दिवशी धड आभारही मानता आले नाहीत, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिते. पोत्यांची वजनं, तोलाई, हमाली, शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद), रोजची तीच आकडेमोड. त्यासाठी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायचं मनात होतं. पण तीन वेळा इन्स्टॉल करूनही काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) ‘पायथन’ टाइप केलं की एकच उत्तर: ही आज्ञा ओळखीची नाही. हे आपल्याला जमायचं नाही, असं मी धरूनच चालले होते.

तुम्ही कीबोर्डला हात लावला नाहीत. म्हणालात, “विंडोज प्रोग्राम शोधायला ठरलेल्या फोल्डरांतच जातं. त्या यादीचं नाव पाथ. हमालाला गणपती पेठ आणि हरभट रोड एवढंच सांगितलं आणि दुकान निघालं विश्रामबागेत, तर तो माल घेऊन परतच येणार ना?” मग इन्स्टॉलरच्या पहिल्याच पानावर, अगदी तळाशी, पाथचा तो बारका चौकोन माझ्याकडूनच शोधून घेतलात. तिन्ही वेळा मी त्याच्यावरचं ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबून पुढे गेले होते. टिक केली, काळी खिडकी बंद करून पुन्हा उघडली (उघड्या खिडकीला नवी यादी कळत नाही, हेही तेव्हाच समजलं) आणि आवृत्तीचा आकडा उमटला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ताई.

‘प्रिंट’ या आज्ञेच्या ओळीला कंस का लागतो, तेही तेव्हाच उलगडलं. मी बघत होते तो व्हिडिओ पायथन २चा होता, त्यात कंसाशिवाय चालायचं, आणि ती आवृत्ती १ जानेवारी २०२०लाच बंद झालेली.

पण हिशेबाच्या माणसाला लाखमोलाची गोष्ट तुम्ही निघता निघता दाखवलीत. ०.१ अधिक ०.२ करायला लावलंत. उत्तरात ०.३च्या पुढे पंधरा शून्यं आणि शेवटी एक ४! यंत्र आकडे दहाच्या नाही, दोनच्या पायावर (फक्त ० आणि १ वापरून) साठवतं, त्यात ०.१ नेमका बसत नाही, म्हणून रक्कम रुपयांत न ठेवता पैशांत, पूर्णांकात ठेवायची.

तशीच ठेवते. काल पन्नास पोत्यांची पट्टी प्रोग्रामवर काढली आणि वहीशी ताडून पाहिली. पै न पै जुळली. दिवाळीला याल तेव्हा ती पट्टी घेऊन वर येते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची