मालकाची माया आणि कामगाराचा हक्क

तुरीन

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुला प्लँट हेड केल्याचं वाचून फार आनंद झाला. इटलीतले साहेब माणसं कशी सांभाळतात, असं तू विचारलंस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथल्या बहुतेक कंपन्या घरच्या. आमचे मालक सत्तरी ओलांडलेले, पण शॉप फ्लोअरवर चक्कर मारल्याशिवाय केबिनमध्ये जात नाहीत. लेथवरच्या माणसाच्या आईचं ऑपरेशन कधी आहे, हे त्यांना ठाऊक असतं. निर्णय कॉफी मशीनपाशी उभ्याउभ्या होतात, मीटिंगमध्ये फक्त शिक्कामोर्तब. ही माया खरी आहे, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ती सगळी एका माणसावर अवलंबून. ज्याचं मालकांशी फारसं बोलणं नाही, त्याने कुणाकडे बघायचं?

याचं उत्तर मला इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या इव्ह्रेआ गावात सापडलं. कामिल्लो ओलिवेत्तींनी १९०८ मध्ये तिथे टाइपरायटरचा कारखाना काढला. त्यांचे चिरंजीव आद्रियानो पोरवयातच त्या कारखान्यात कामाला लागले होते. तेच ते काम दिवसभर करून जीव कसा आंबून जातो, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. पुढे सूत्रं हाती आल्यावर त्यांनी पाळणाघर, दवाखाना, कामगारांची घरं, वाचनालय असं सगळं उभं केलं. जेवणाच्या सुट्टीत व्याख्यानं व्हायची. नेपल्सजवळ पोत्सुओलीला १९५५ मध्ये त्यांनी कारखाना उघडला, तो खाडीसमोर, काम करता करता समुद्र दिसेल असा. तिथली कामगारभरती ओत्तिएरो ओत्तिएरी या कादंबरीकाराकडे होती! माणूस ओळखायला माणसांवर लिहिणाराच हवा, हे मला मनापासून पटतं.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला टाइपरायटरचा साठा तुंबला. दुसऱ्या कुणी कामगार कमी केले असते. आद्रियानोंनी किमती उतरवल्या, नव्या शाखा उघडल्या आणि उलट विक्रीची माणसं वाढवली. माल खपला, कामगार राहिले.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती १९४८ मध्ये सुरू झालेली व्यवस्थापन परिषद. तिच्यात कामगारांनी निवडून दिलेले प्रतिनिधी आणि व्यवस्थापनाची माणसं एकत्र बसत. पाळणाघर, दवाखाना, वसाहत यांवरचा खर्च कसा करायचा, यात कामगारांचा शब्द चाले. उत्पादनाच्या बाबतीत मात्र परिषद फक्त सल्ला देऊ शके, आणि हे मला आजही खटकतं. तरी बघ, १९६० मध्ये आद्रियानो रेल्वेप्रवासात अचानक गेले, आणि परिषद त्यांच्यामागे दहाएक वर्षं चालू राहिली. मालकाच्या मर्जीवरची सोय असती, तर त्यांच्यासोबतच संपली असती.

म्हणून तुला एक आग्रहाचं सांगणं आहे. तू स्वभावाने प्रेमळ आहेस, पोरं तुझ्यावर जीव टाकतील. पण उद्या तुझी बदली झाली तर? कँटीन आणि बसचं बजेट अजून एचआरच ठरवतं ना? ते कामगारांनी निवडलेल्या समितीकडे दे, लेखी नियम करून, कंपनीच्या सहीशिक्क्यासह. वरच्यांना पटवताना इव्ह्रेआचा दाखला दे. आकडेवारी लागली तर कळव, मी इथून धुंडाळून पाठवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना रूममेट