‘सगळ्या लेनवर चालणारा’ बॉल : तक्रार व बदलून मिळण्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : बोलिंग बॉलची दिशाभूल करणारी माहिती देऊन केलेली विक्री

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मागवलेला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचा (लेनला जास्त पकड घेणाऱ्या आवरणाचा) १४ पौंडी बॉल मला गेल्या महिन्यात मिळाला. जाहिरातीत ‘ऑइल कोणतेही असो, हुक तोच’ असे ठळक छापले होते, म्हणजे लेनवर तेल कितीही असो, बॉल तेवढाच वळणार. तरीही पैसे भरण्याआधी मी व्हॉट्सअ‍ॅपवर मुद्दाम विचारले, की पुण्यात आम्ही खेळतो त्या लेनवर ऑइल कमी असते आणि संध्याकाळपर्यंत तेही उडून जाते, तर हा बॉल चालेल ना? ‘निश्चिंत राहा, सगळीकडे चालतो’ असे उत्तर आले.

तो सगळीकडे चालत नाही, आणि हे तुम्हाला आधीच माहीत असायला हवे होते. बॉलच्या खोक्यावर उत्पादकानेच ‘जास्त ऑइलसाठी’ असे छापले आहे. आरजी (बॉलचे वजन केंद्रापासून किती दूर आहे याचे माप; ते कमी असेल तर बॉल लवकर फिरू लागतो) २.४८, डिफरन्शियल (वेगवेगळ्या अक्षांवरच्या आरजीतला फरक; तो जास्त असेल तर बॉल जोरात वळतो) ०.०५२, सॉलिड कव्हर (लवकर पकड घेणारे आवरण), १००० ग्रिटचे मॅट, म्हणजे खरखरीत फिनिश. यूएसबीसी या अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेच्या नियमात आरजी २.४६च्या खाली आणि डिफरन्शियल ०.०६०च्या वर जाता येत नाही. म्हणजे लवकर फिरू लागणारा आणि जोरात वळणारा बॉल जेवढा बनवता येतो, त्याच्या जवळपास जाणारा हा बॉल आहे. त्यात पृष्ठभाग खरखरीत, त्यामुळे ऑइलमध्येही तो लेनला पकड घेतो. ही आकडेवारी तुमच्या जाहिरातीत कुठेही नव्हती.

जिथे ऑइल भरपूर आहे तिथे हा बॉल उत्तम आहे, हे मी मोकळेपणाने सांगते. एका स्पर्धेच्या सरावासाठी ४५ फुटांचे ताजे ऑइल टाकले होते. तिथे तो लेनच्या उजव्या कडेपासून चौदाव्या पट्टीपर्यंत शांतपणे घसरत गेला, शेवटी वळला आणि पॉकेटमध्ये, म्हणजे पहिल्या व तिसऱ्या पिनेमधल्या जागेत, शिरून पिना अक्षरशः उधळल्या. आमच्या नेहमीच्या लेनवर मात्र ऑइल ३८ फुटांपर्यंतच आणि तेही मधल्या पट्ट्यांवर. तिथे बॉलने सातव्या पट्टीपर्यंत बाहेर जाऊन वळायला हवे. हा बॉल लेनवरचे नेमाचे बाण ओलांडताच वळू लागतो आणि हेडपिनच्या (सर्वांत पुढच्या पिनेच्या) डाव्या बाजूला जातो. मी उजव्या हाताने खेळते, म्हणून पाय डावीकडे सरकवून ऑइल जास्त असलेल्या मधल्या भागातून टाकून पाहिला. मग तो पॉकेटला पोहोचतो, पण ६० फूट जाईपर्यंत त्याची ताकद संपलेली असते. सहा नंबरची पिन दहा नंबरला न लागता गटरमध्ये लोळते आणि दहा नंबर उभी राहते. चांगल्या टाकलेल्या बॉलवर पुन्हा पुन्हा हेच घडताना पाहणे फार क्लेशदायक आहे. जवळच्या दुकानात पॉलिश करून घेतले, थोडा फरक पडला, पण काही गेम झाले की पूर्वीसारखेच. आतला कोअर (गाभा) तर पॉलिशने बदलत नाही.

यावर आपल्या प्रतिनिधींनी फोनवर ‘तुमचा रिलीज (बॉल हातातून सोडण्याची पद्धत) सुधारा’ असा सल्ला दिला. त्याच दिवशी, त्याच लेनवर, त्याच हाताने टाकलेला माझा जुना पर्ल कव्हरचा (उशिरा पकड घेणाऱ्या आवरणाचा) पॉलिश केलेला बॉल पुढच्या कोरड्या भागापर्यंत ताकद राखून जात होता आणि स्ट्राइक देत होता. दोन्ही बॉलचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.

दुसरे उत्तर मिळाले ते असे : ‘ड्रिल केलेला बॉल परत घेत नाही.’ माझा खरा राग या उत्तरावर आहे. बोलिंगचा बॉल भोके न पाडता येतो. अंगठ्याचे आणि बोटांचे माप घेऊन ड्रिल केल्याशिवाय तो एकदाही टाकून बघता येत नाही. म्हणजे ग्राहकाला विसंबण्यासारखी एकच गोष्ट उरते, विक्रेत्याने लिहिलेली माहिती. ती चुकीची लिहायची आणि चूक उघडकीस येण्याचा एकमेव मार्ग वापरला म्हणून परतीचा हक्क नाकारायचा, हे मला मान्य नाही. तुमच्याकडून पहिला बॉल घेणारी शाळकरी मुलेही असतात. बॉल चुकीचा आहे हे त्यांना कळणारही नाही, आपल्यालाच खेळता येत नाही असे समजून ती खेळ सोडतील.

माझी मागणी अशी. हा बॉल परत घेऊन त्याच किमतीचा, मध्यम ऑइलसाठीचा पर्ल कव्हरचा बॉल द्यावा आणि नव्या ड्रिलिंगचा खर्च आपण सोसावा. ते शक्य नसेल तर बॉलची किंमत आणि ड्रिलिंगची रक्कम परत करावी. शिवाय जाहिरातीतले ते वाक्य काढून प्रत्येक बॉलखाली आरजी, डिफरन्शियल, कव्हर, फिनिश आणि तो किती ऑइलसाठी आहे हे उत्पादकाने दिल्याप्रमाणे छापावे. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

सोबत : बिलाची प्रत, खोक्याचे व जाहिरातीचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण, व्हिडिओ.

कळावे,
आपली ग्राहक
पुणे