बॉल सोडून लाईन बघ

कॅन्टन, मिशिगन
२८ जानेवारी २०२४

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. 'नक्की जिंकलं कोण आणि तू एवढा कशानं पेटलाईस?' या तुझ्या मेसेजला फोनवर दोन ओळी खरडून उत्तर देणं माझ्या जिवावर आलं, म्हणून हे पत्र. निवांत वाच.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये आमचं मिशिगन विद्यापीठ जिंकलं. १५ पैकी १५ सामने. ८ जानेवारीला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला ३४-१३ नं हरवून आम्ही राष्ट्रीय विजेते झालो. याआधीचं विजेतेपद १९९७ चं, तेही नेब्रास्काबरोबर वाटून घेतलेलं. म्हणजे मी इथं आल्यापासून लोक ज्याबद्दल 'एकदा तरी' म्हणत होते, ते झालं.

हा आपला फुटबॉल नव्हे, हे तुला माहीत आहे. पायाचा संबंध थोडाच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्याच्या ताब्यात. बाकीचे नियम तू इथं आलास की मी शेजारी बसून सांगेन. पण पोरं कॉलेजातली आहेत आणि संघ गावाचा आहे, हे ध्यानात ठेव. शनिवारी विद्यापीठाच्या गावात, अ‍ॅन आर्बरमध्ये, सकाळपासून रस्ते पिवळे-निळे झालेले असतात, अंगणात शेगड्या पेटलेल्या असतात आणि अनोळखी माणूस हातात बर्गर ठेवून 'आज काय होईल?' म्हणून विचारतो. स्टेडियम १९२७ चं. बाहेरून बुटकं दिसतं, कारण ते जमिनीत खोदलेलं आहे. दरवाज्यातून आत पाऊल टाकलं की मैदान एकदम पायाखाली खोल दिसतं आणि चहूबाजूंनी लाखावर माणसं. १,०७,६०१ ही अधिकृत क्षमता. आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फायनलला अंगावर जो काटा यायचा, तो मला पुन्हा आला तो इथंच.

आता मला जे सांगायचंय ते. तू तालमीच्या संघात कायम बॅकला खेळलास. गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेऊन पेठेत मिरवायचे आणि तू मागं शूज हातात घेऊन चालायचास. म्हणून हे तुलाच कळेल असं वाटतं. या खेळात बॉलच्या पुढं पाच पोरं वाकून उभी असतात. सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल. एकेक जण १३५-१४० किलोचा. नेहमीच्या डावात त्यांनी पास झेलायचा नाही, गुण त्यांच्या नावावर लागत नाहीत, टीव्हीवर त्यांचं नाव येतं ते बहुधा चूक झाली तरच. समोरच्याला अंगावर घ्यायचं आणि मागच्या पोराला वाट करून द्यायची, एवढंच काम. नवखा माणूस बॉलच्या मागं डोळे फिरवत बसतो. मला इथल्या एका जुन्या सहकाऱ्यानं पहिल्याच मोसमात सांगितलं होतं, बॉल सोड, लाईन बघ. तेव्हापासून मी सामना तसाच बघतो. खासबागेत आपण पैलवानांचे पाय बघायचो ना, कोण आधी मागं सरकतो ते, तसं.

हे वर्ष त्या लाईनचं होतं, असं माझं ठाम मत आहे.

मागची दोन वर्षं आमचा संघ सेमीफायनलला जाऊन पडला होता. २०२१ च्या ३१ डिसेंबरला जॉर्जियानं ३४-११ असं अक्षरशः चिरडलं. २०२२ ला, पुन्हा ३१ डिसेंबरलाच, टेक्सास क्रिश्चन विद्यापीठानं (टीसीयू) ५१-४५ असं हरवलं. त्या रात्री घरी पाहुणे होते, बाराला केक कापायचा होता, आणि मी गच्च बसून होतो. त्यानंतर ब्लेक कोरम, झॅक झिंटर, ट्रेव्हर कीगन ही पोरं एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला, जाऊ शकत होती. कोरम रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा. त्याचा गुडघा २०२२ च्या नोव्हेंबरात इलिनॉयविरुद्ध गेला होता, शस्त्रक्रिया झाली होती. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आता शरीर सांभाळू, पैसे कमवू. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंनाही आपलं नाव वापरू दिल्याचे पैसे मिळतात हे खरं, पण व्यावसायिक लीगची गोष्ट वेगळी. तरी ही सगळी आणखी एका वर्षासाठी परत आली. १९६९ मध्ये बो शेमबेकलर प्रशिक्षक झाले तेव्हा त्यांनी इथं पाटी लावली होती, जे टिकतील ते विजेते होतील. ती पाटी मी हजारदा वाचली असेन, पण ती खरी करून दाखवणारी पोरं यंदा डोळ्यांनी पाहिली.

पहिले दोन महिने सोपे गेले. नेब्रास्का ४५-७, मिनेसोटा ५२-१०, मिशिगन स्टेट तर त्यांच्या घरात ४९-०. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

मग ऑक्टोबरात ते प्रकरण निघालं. मैदानाबाहेरून प्रशिक्षक हातवारे करून खेळाडूंना डाव सांगतात. सामन्यात बसून ते हातवारे ओळखायला बंदी नाही, पण पुढं ज्यांच्याशी खेळायचंय त्यांच्या सामन्यांना आधीच माणसं पाठवून हेरगिरी करायला नियमानं मनाई आहे. आमचा एक कर्मचारी तिकिटं काढून तेच करवून घेत असल्याचा आरोप झाला आणि त्यानं राजीनामा दिला. देशभर आम्हाला चोर म्हणू लागले. ऑफिसात ओहायोचे लोक आहेत, त्यांनी तर सोडलंच नाही. मला विचारशील तर जे झालं ते वाईट झालं, त्याची शिक्षा व्हायला हवी, आणि मी त्याची बाजू घेणार नाही. पण मैदानात वाकून उभ्या राहणाऱ्या त्या पोरांनी कष्टानं मिळवलेलं सगळं खोटं होतं, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. १४० किलोचा माणूस समोरून अंगावर येतोय, त्याला हातवाऱ्यांनी मागं ढकलता येत नाही.

१० नोव्हेंबर, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी पेन स्टेटशी त्यांच्या मैदानावर सामना. संघ तिकडं निघालेला, आणि बिग टेननं, म्हणजे आमचा संघ ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतो त्यानं, मुख्य प्रशिक्षक जिम हार्बो यांना तीन सामन्यांसाठी मैदानाबाहेर बसवलं. (मोसमाचे पहिले तीन सामनेही ते नव्हतेच, ते वेगळ्या कारणासाठी, विद्यापीठानंच बसवलं होतं.) मोठ्या सामन्याला २४ तासही नाहीत आणि सेनापती नाही. जबाबदारी आली शेरोन मूर यांच्यावर. ते आक्रमणाचे आणि लाईनचे प्रशिक्षक. त्यांच्या हाताखाली आमच्या लाईननं २०२१ आणि २०२२ असा सलग दोनदा देशातल्या सर्वोत्तम लाईनला मिळणारा जो मूर पुरस्कार घेतलेला. नावं सारखी आहेत, पण तो जो मूर वेगळा.

पेन स्टेटचं मैदान म्हणजे एक लाखाहून जास्त माणसं आणि कान फाटतील असा गोंगाट. त्यांचा बचाव देशातल्या उत्तम बचावांपैकी एक, कडेनं क्वार्टरबॅकवर, म्हणजे डाव चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या पोरावर, झेप घेणारी पोरं फार वेगवान. हाफटाईमला १४-९ नं आपण पुढं. आणि मग शेरोन मूर यांनी जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. पास बंद. सलग ३२ डाव नुसतं पळायचं. दुसऱ्या हाफमध्ये अधिकृत नोंदीत मिशिगनचा एकही पास नाही. आमचा क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी एवढा गुणी की पुढं एनएफएलला जाणार हे पोरंटोरंही सांगत होती, आणि तो बॉल नुसता हातात देतोय. कधी पाचाच्या जागी सहा दांडगे पुढं उभे केले. स्टेडियममधल्या प्रत्येकाला माहीत, आता काय येणार. समोरच्या अकरांनाही माहीत. तरी येतंय ते थांबवता येत नाही. तीन यार्ड, चार यार्ड, दोन यार्ड, पुन्हा चार.

टीव्हीवर समालोचकांना ते कंटाळवाणं वाटत असावं. मी सोफ्यावरून उठून टीव्हीच्या पुढ्यात जमिनीवर बसलो होतो आणि फक्त त्यांचे पाय बघत होतो. चौथ्या क्वार्टरला पेन स्टेटच्या पोरांचे गुडघे उशिरा उठायला लागले, हात कमरेवर जायला लागले. तिथंच सामना संपला, फळ्यावर नंतर दिसला. कोरम ३० यार्ड पळून गेला तेव्हा त्याच्या वाटेत कुणी उरलंच नव्हतं. २४-१५. मग मूर टीव्हीसमोर आले आणि ढसाढसा रडले, एवढा मोठा आडदांड माणूस. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आमची धाकटी विचारत होती, बाबा, आपण जिंकलो ना?

पुढच्या शनिवारी मेरीलँडला ३१-२४, अवघड गेला. तो मिशिगनचा हजारावा विजय. कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे विजय सर्वांत आधी आमचे.

आणि मग २५ नोव्हेंबर, ओहायो स्टेट. हे वैर १८९७ पासूनचं. तुला पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचं वैर समजावून सांगायची गरज नाही, तेव्हा हेही सांगत नाही. २०१२ ते २०१९ आम्ही सलग आठ वेळा त्यांच्याकडून हरलो होतो. मागची दोन वर्षं जिंकलो, तर यंदा म्हणणारे म्हणत होते, हातवारे चोरून जिंकला होतात. दोन्ही संघ अपराजित. हार्बो घरी. मी स्टेडियममध्ये होतो, अंगावर चार थर, खाली बर्फासारखा गार बाक.

तिसरा क्वार्टर, १७-१७. एका डावानंतर ढीग सुटला आणि एक जण उठला नाही. ६५ नंबर. झॅक झिंटर, उजवा गार्ड, कप्तान. पायाची दोन्ही हाडं मोडली होती. लाखाच्या गर्दीत बाजूच्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. सगळा संघ गाडीभोवती गोळा झाला, एकेकानं त्याला हात लावला. टीसीयूकडून हरल्यावर ज्यानं 'मी परत येतो' म्हटलं, तो असा बाहेर जात होता. कार्सन बार्नहार्ट, उजवा टॅकल, तो गार्डला सरकला आणि त्याच्या जागी ट्रेन्टी जोन्स आला. लाईन नव्यानं लागली. आणि पुढच्याच, अगदी पुढच्याच डावात कोरमला बॉल दिला. मी सवयीनं लाईन बघत होतो. ती फाटली. कोरम २२ यार्ड पळून थेट टचडाऊनला, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपार. त्यानं कॅमेऱ्यापुढं बोटांनी आधी सहा आणि मग पाच करून दाखवले.

बंड्या, मी आयुष्यात इतका मोठा आवाज ऐकलेला नाही. पुढच्या ओळीतल्या गोऱ्या आजोबांनी मला मिठी मारली. आम्ही एकमेकांची नावंही विचारली नाहीत. शेवटची २५ सेकंद राहिली असताना रॉड मूरनं त्यांचा पास पकडला आणि ३०-२४.

अलाबामाविरुद्धची सेमीफायनल, रोझ बोल, १ जानेवारी, तो सामना तू यूट्यूबवर बघच. पंट, म्हणजे समोरच्यानं लाथेनं लांब मारलेला बॉल, झेलताना दोनदा आमचा बॉल निसटला, दुसऱ्यांदा तर आपल्याच गोलरेषेपाशी, मिनिटभर राहिलेला असताना. त्याआधी साडेतीन-एक मिनिटं उरली असताना सात गुणांनी मागं आणि चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवे होते. मॅकार्थीनं कोरमला छोटा पास दिला आणि जीव वाचला. मग रोमन विल्सनचा टचडाऊन, बरोबरी, ओव्हरटाईम. कोरम दोन डावांत आत. अलाबामाचा शेवटचा प्रयत्न तीन यार्डांवरून. त्यांच्या सेंटरचा बॉल खाली आला, क्वार्टरबॅक मिल्रो सरळ मधोमध घुसला आणि आमच्या बचावाच्या लाईनमध्ये अडकला. २७-२०. बघ, तिथंही लाईनच.

अंतिम सामन्यात गंमत म्हणजे यंदाचा जो मूर पुरस्कार वॉशिंग्टनच्या लाईननं घेतलेला होता. आणि झिंटरविना आमच्या पोरांनी ३०३ यार्ड पळवले. डोनोव्हन एडवर्ड्सनं पहिल्याच क्वार्टरला ४१ आणि ४६ यार्डांचे दोन टचडाऊन केले, कोरमनं शेवटी दोन. त्याचे मोसमाचे पळून केलेले टचडाऊन २७, मिशिगनमध्ये एका मोसमात इतके आजवर कुणी केले नव्हते. रात्री बारा वाजून गेले तरी आमच्याकडं जमलेली चार मराठी कुटुंबं हलेनात. पुढच्या आठवड्यात संक्रांतीला तिळगूळ द्यायला जो आला तो आधी सामन्याचंच बोलला.

आता सगळं विस्कटतंय. हार्बो लॉस एंजेलिस चार्जर्सला गेले, परवाच शेरोन मूर यांना मुख्य प्रशिक्षक केलं. मला त्याचा मनापासून आनंद आहे, पेन स्टेटच्या त्या दुपारी त्यांनी ते पद कमावलं. कोरम, मॅकार्थी, विल्सन निघाले. लाईनमधले झिंटर, कीगन, नजेंट, हेंडरसन, बार्नहार्ट, जोन्स सगळे निघाले. वाईट वाटतं, पण त्यांनी देणं लागत होतं त्याहून जास्त दिलंय. नवी पोरं कशी वाकतात ते आता बघायचं.

७ सप्टेंबरला टेक्सास अ‍ॅन आर्बरला येतंय. तू ये. वहिनींना घेऊन ये, सुट्टीचं आत्ताच सांगून ठेव आणि व्हिसाचा अर्ज याच महिन्यात टाक, मुलाखतीची तारीख लवकर मिळत नाही म्हणतात. तिकिटं माझ्याकडं लागली. येताना कांदा-लसूण चटणी आण, आणि यंदा तालमीच्या बॅकला कोण खेळतंय ते सविस्तर लिही. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
अन्या