रविवारी विहिरीच्या पाण्याची तपासणी

डिचोली परिसरातील मंडळाच्या सर्व भगिनींना कळवण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी १० वाजता देवळाच्या सभामंडपात पाणी तपासणीच्या बाटल्या वाटल्या जातील. घरटी दोन. एकीत विहिरीचे पाणी, दुसरीत पिण्याच्या कळशीतले. विहीर चांगली असूनही कळशीत हात बुडवल्याने पाणी बिघडते, म्हणून दोन्ही हवेत.

- बाटलीला आतून बोट लावू नये. खुणेपर्यंत भरून सावलीत ठेवावी. ४८ तासांपर्यंत रंग पाहावा.
- काळी झाली तर जंतूंची शंका: पाणी खळखळ उकळूनच प्यावे, लांब दांड्याचे ओगराळे वापरावे.

बाटली काळी नाही झाली म्हणून पाणी उकळणे सोडू नका, पावसात तर मुळीच सोडू नका! खते-रसायने या बाटलीत कळत नाहीत. वापरलेल्या बाटल्या मुलांपासून दूर ठेवून परत आणाव्यात.

– चिटणीस