महिनाभराची स्पर्धा आणि संघाची पत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विश्वचषक किंवा युरो स्पर्धा सुरू झाली की आपल्या क्रीडापानावर दोन पराभवांवरून एखाद्या देशाच्या फुटबॉलची अधोगती ठरते आणि चार विजयांवरून दुसऱ्याचे सुवर्णयुग उजाडते. कित्येक वर्षे मुंबईच्या कूपरेज मैदानावर सामने पाहत आलेला वाचक म्हणून या घाईबद्दल लिहावेसे वाटले.

फुटबॉलमध्ये मुळात गोल कमी होतात, त्यामुळे खांबाला लागून परतलेला एक चेंडू किंवा पंचांचा एक चुकलेला निर्णय सामना फिरवू शकतो. तीस-चाळीस सामन्यांत अशा योगायोगांची फिटंफाट होते. पण ३२ संघांच्या विश्वचषकात विजेत्यालाही सातच सामने मिळत आणि गटातच गारद होणाऱ्याला तीन. १९५० पासून एकही अधिकृत सामना न गमावलेला हंगेरीचा संघ १९५४ च्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीकडून ३-२ असा हरला. त्याच जर्मनीला त्याने गटात ८-३ असे लोळवले होते. (गटातील त्या सामन्यात जर्मन प्रशिक्षकांनी बरेच राखीव खेळाडू उतरवले होते, हे मान्य, म्हणूनच त्या दोहोंपैकी कोणताही एकच सामना पुरावा म्हणून पुढे करू नये.)

इटलीची कथा तर याहून बोलकी आहे. जुलै २०२१ मध्ये वेम्बलीवर पेनल्टी शूटआउटमध्ये इंग्लंडला हरवून हा संघ युरोपविजेता झाला आणि पुढच्या मार्चमध्ये पालेर्मोत उत्तर मॅसिडोनियाकडून ०-१ असा हरून विश्वचषकाला मुकला. मधल्या आठ महिन्यांत इटलीचे फुटबॉल बुडाले होते काय? पात्रता गटातील आठही सामन्यांत तो अपराजित होता. केवळ स्वित्झर्लंडविरुद्धच्या दोन्ही लढतींत इटलीच्या जॉर्जिन्योच्या पेनल्टी वाया गेल्या, दोन्ही सामने बरोबरीत सुटले, गटात दुसरे स्थान आले आणि सारे भवितव्य हरल्यास थेट बाद करणाऱ्या प्लेऑफ सामन्यांवर येऊन ठेपले. विजेतेपद जसे पेनल्टीवर मिळाले, तशीच पात्रताही पेनल्टीवर हुकली.

आपल्याकडे ही चूक उलट्या दिशेने झाली. २०२३ च्या उन्हाळ्यात भारताने भुवनेश्वरला इंटरकॉन्टिनेंटल चषक आणि बेंगळुरूला दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकली, जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात प्रवेश केला आणि आपण सर्वांनी, प्रस्तुत पत्रलेखकासह, पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. सॅफच्या उपांत्य सामन्यात लेबनॉनशी आणि अंतिम सामन्यात कुवेतशी आपली बरोबरीच झाली होती व दोन्ही विजय शूटआउटचे होते, शिवाय या स्पर्धा घरच्या मैदानांवरच्या होत्या, याकडे कोणी पाहिले नाही. जानेवारी २०२४ मध्ये कतारमधील आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियाविरुद्ध तिन्ही सामने गमावून, एकही गोल न करता संघ परतला, तेव्हा तोच संघ एकाएकी कुचकामी ठरवला गेला. खरी पातळी या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी होती.

स्पर्धा निरर्थक आहेत असे माझे म्हणणे नाही. चषक त्या महिन्यात सर्वांना पुरून उरणाऱ्यालाच मिळावा, त्यातच खेळाची मजा आहे. परंतु पत जोखायची असेल, तर दक्षिण अमेरिकेच्या पात्रता फेरीसारखी मोजपट्टी हवी: दहा संघ, प्रत्येकाचे घरी-दारी मिळून १८ सामने, आणि त्यांत बोलिव्हियातील उंच पठारावरच्या विरळ हवेत खेळण्याची शिक्षाही.

विनंती एवढीच की, पुढील स्पर्धेच्या वेळी एखाद्या संघावर शिक्का मारताना त्याच्या आधीच्या दोन वर्षांतील घरच्या आणि परक्या मैदानांवरील निकालांचा छोटासा तक्ता शेजारी छापावा. जागेची अडचण असल्यास खेळाडूंच्या केशरचनांच्या छायाचित्रांतून ती सहज निघू शकेल.

आपला,
एक वाचक, माहीम, मुंबई